नृत्य : शिकणे, शिकवणे आणि रचणे

स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली, की पालकांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला व्यवहाराचा : मुलगी नाच शिकून पुढे काय करणार? दुसरा शीलाचा : अष्टशीलांत नृत्य, गीत, वादन वर्ज्य सांगितले आहे, मग धम्माच्या विद्यालयात नृत्याचा वर्ग कशासाठी? तिसरा प्रश्न सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही. परंतु तो आईच्या नजरेत दिसतो. ज्या नाचापायी आमच्या आज्या-पणज्यांची विटंबना झाली, त्याच वाटेला लेकीने पुन्हा का जावे?

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना बगल देऊन नृत्याची थोरवी गाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. नृत्य शिकणारी मुलगी कशी घडते, तिची शिक्षिका कशी होते आणि शिक्षिकेची रचनाकार कशी होते, हे या लेखात सांगावयाचे आहे. तसे करताना या तिन्ही प्रश्नांची उत्तरेही जमेल तशी देऊ.

तिसरा प्रश्न आधी

महाराष्ट्रात नाच हा पुष्कळ काळ जातीने वाटून दिलेला व्यवसाय होता. कोणाच्या मुलीने देवाच्या नावाने सोडले जायचे, कोणी फडावर उभे राहायचे आणि कोणी समोर बसून पाहायचे, हे जन्माने ठरत असे. १९३६ साली मुंबईच्या दामोदर हॉलमधील सभेत बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासी यांना त्या लाजिरवाण्या जिण्यातून बाहेर पडण्याचे कळकळीचे आवाहन केले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९३४ मध्ये, मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला होता. आईच्या नजरेतील भीतीमागे हा इतिहास आहे आणि तो विसरण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही.

मात्र बाबासाहेबांचा विरोध कशाला होता, हे नीट पाहिले पाहिजे. तो सक्तीला होता, देहविक्रयाला होता, जातीने लादलेल्या हीनतेला होता. कलेचे त्यांना वावडे नव्हते. उतारवयात त्यांनी स्वतः व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांच्या चळवळीनेही लोककलेचा त्याग केला नाही. भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातील जुना गण आणि गवळण बाजूला सारून तेथे समतेचा विचार आणला आणि आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. ढोलकी तीच राहिली. काय सांगायचे हे मात्र आता कलावंत ठरवू लागला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

धम्म आणि नृत्य

आता शीलाचा प्रश्न. नृत्य-गीत-वादनापासून विरतीचे शील हे उपासकांसाठी उपोसथाच्या दिवशी पाळावयाच्या अष्टशीलांपैकी आहे. नित्याच्या पंचशीलांत ते नाही. तरीही एवढ्या तांत्रिक उत्तरावर थांबू नये, कारण त्रिपिटकात या विषयावर याहून खोल विचार आहे.

संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटनायकाची कथा येते. रंगमंचावर लोकांना हसवणारा, रमवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, असे आपल्या पूर्वाचार्यांकडून आपण ऐकले आहे, तर भगवंतांचे मत काय, असे तो विचारतो. भगवान दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, की लोकांच्या मनात राग, द्वेष आणि मोह आधीच असतात. जो नट ते आणखी पेटवतो, स्वतः बेहोश होतो आणि इतरांनाही बेहोश करतो, त्याला सुगती नाही. तालपुट रडू लागतो. भगवंतांच्या कठोर शब्दांमुळे नव्हे, तर इतकी वर्षे आपल्या आचार्यांनी आपल्याला फसवले म्हणून. पुढे तो भिक्खू होतो, अर्हत होतो. थेरगाथेत त्याच्या नावावर असलेल्या दीर्घ गाथांमध्ये तो स्वतःच्या चित्ताशीच बोलत राहतो.

या कथेतील इशारा नृत्याच्या प्रत्येक विद्यार्थिनीने मनाशी ठेवावा असा आहे. तो प्रमादाविरुद्धचा, म्हणजे बेसावधपणाविरुद्धचा इशारा आहे. टाळ्यांनी येणारी धुंदी, प्रेक्षकाच्या वासनेला चुचकारण्याचा मोह, आपल्या रूपावर भाळणे हे सारे त्यात आले. शिस्तबद्ध नृत्यशिक्षण मात्र याच्या उलट्या दिशेने, अखंड सावधानतेकडे नेते. ते कसे, हे पुढे येईलच. आपल्याच भूमीतील एक साक्षही येथे नोंदवावीशी वाटते. औरंगाबादच्या लेण्यांमधील सातव्या लेण्यात, सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास, बुद्धमूर्ती असलेल्या गाभाऱ्याच्याच भिंतीवर एक नर्तकी कोरली आहे आणि तिच्या भोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया बसल्या आहेत. त्या शिल्पकारांना आणि त्यांच्या दात्यांना नर्तकी गाभाऱ्यात असण्यात काही अनुचित वाटले नव्हते.

घडण : पाय, जीभ आणि हात

नृत्यशिक्षण म्हणजे काय हे स्पष्ट व्हावे म्हणून आपण कथकचे उदाहरण घेऊ. पहिल्या दिवशी मुलीला तत्कार शिकवतात. ‘ता थै थै तत्, आ थै थै तत्’ या बोलांवर सपाट पावलाने जमिनीवर आघात करायचा. तीनतालाच्या सोळा मात्रा; पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर आणि तेराव्वीवर टाळी, नववीवर खाली. प्रारंभी घुंगरू नसतात, आणि ते योग्यच आहे. घुंगरांच्या नादात पावलाची चूक लपते. अनवाणी पावलाचा आवाज स्वच्छ येऊ लागला, की मग घुंगरू बांधतात. त्यांची संख्या हळूहळू वाढत जाऊन एकेका पायात शंभर आणि त्याहूनही अधिक होते.

पायांबरोबर जीभही शिकते. हाताने ताल धरून बोल स्पष्ट उच्चारायचे, याला पढंत म्हणतात. जो तुकडा तोंडाने म्हणता येत नाही, तो पायांतून निघत नाही, असा वर्गातला रोजचा अनुभव आहे. मग हस्तक येतात, चक्कर येतात. चक्कर घेताना नजर एका बिंदूवर रोवून ठेवावी लागते. मान सर्वांत शेवटी वळते आणि सर्वांत आधी परत येते. मन भरकटले तर तोल गेलाच. आधी एका मात्रेत एक पाऊल, मग दुगुन, मग चौगुन. लय वाढली तरी चेहरा शांत आणि श्वास ताब्यात ठेवायचा. पाऊल कोठे आहे, श्वास कसा चालला आहे, मात्रा कितवी आहे, याचे क्षणोक्षणी भान राखणे हेच या शिक्षणाचे सार होय. आनापानसतीला बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे भान अनोळखी वाटू नये.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. उत्साही मुली कित्येकदा फरशीवर तासन्‌तास पाय आपटतात आणि गुडघे, घोटे दुखावून घेतात. त्यांच्यासाठी सोण थेराची कथा आहे. सोण हा चंपेच्या श्रीमंत घरातला, अतिशय कोमल पावलांचा तरुण. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमण इतके केले, की पाय फुटून वाट रक्ताने माखली. तरी चित्ताला शांती नाही. घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला विचारले, तू पूर्वी वीणा वाजवत होतास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? सोणाला उत्तर ठाऊक होते. याच प्रसंगानंतर भिक्खूंना पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा मिळाली, असे विनयपिटक सांगते. रियाज रोज असावा, मर्यादित असावा, शक्यतो लाकडी किंवा मऊ जमिनीवर असावा आणि दुखऱ्या पायाला विश्रांती द्यावी. शिकवणाऱ्यांनीही ही वीणेची तार विसरू नये.

शिकता शिकता शिकवणे

आता एका प्रत्यक्ष जीवनाकडे वळू. गुरू रोहिणी भाटे यांचा जन्म १९२४ साली पाटण्यात झाला. वाढल्या आणि शिकल्या त्या पुण्यात. सुरुवातीला त्यांनी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम्‌चे धडे घेतले. १९४६ साली त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि त्याच वर्षी जयपूर घराण्याचे पंडित सोहनलाल यांच्याकडे कथक शिकू लागल्या. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ ही संस्था स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस-तेवीस होते.

हा क्रम पाहून कोणालाही नवल वाटेल. कथक हाती घेऊन वर्ष होते न होते तोच शिकवायला आरंभ! परंतु पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. वर्ग सुरू केला म्हणून त्यांचे शिकणे थांबले नाही. लखनौ घराण्याचे लच्छू महाराज आणि पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ तालीम घेतली. केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे संगीत शिकल्या. ‘अभिनयदर्पण’ या संस्कृत ग्रंथाचा अभ्यास केला, इसाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणले, ‘माझी नृत्यसाधना’ लिहिली. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात त्यांनी अध्यापन केले आणि तेथील नृत्याच्या अभ्यासक्रमाची आखणीही केली. १९७९ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००६ साली अकादमीची रत्नसदस्यता. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. साठ वर्षांच्या या प्रवासात शिष्या आणि गुरू ही दोन्ही नाती त्यांनी एकाच वेळी सांभाळली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. पांढरपेशा घरातल्या मुलीने त्या काळी नाचणे सोपे नव्हते. लोकनिंदा त्यांच्याही वाट्याला येई. तरी शिक्षण, पुस्तके, शहर आणि ओळखी हे पाठबळ अशा घरांत असे. आमच्या वसतिगृहातील मुलीकडे ते नसते. म्हणूनच तिच्या बाबतीत ती उणीव विद्यालयाने भरून काढायची आहे.

शिकवू लागल्यावर तरुण नर्तकीत काय बदल होतो? पहिला बदल असा, की जे तिच्या पायांना ठाऊक असते ते तिला शब्दांत आणावे लागते. ‘असे कर’ म्हणून भागत नाही. वजन कोणत्या पायावर, खांदा का उचलला जातो, बोल कोठे तुटतो हे सांगावे लागते. वर्गासमोर तोंड करून उभी राहिली, तर मुलींचा उजवा हात चालावा म्हणून तिला आपला डावा चालवावा लागतो. स्वतःचे नृत्य उलटे करून दाखवण्याच्या या कसरतीत तिला ते प्रथमच पुरते कळते. दुसरा बदल म्हणजे संयम. नवशिकी शिक्षिका एका तासात फार शिकवते, कारण तिला आपले सारे ज्ञान देण्याची घाई असते. अनुभवाने ती कमी शिकवू लागते आणि जास्त पाहू लागते. तिसरा बदल अवघड आहे : आपली नक्कल करणाऱ्या विद्यार्थिनीवर खूश न होणे. उंच मुलीचा हस्तक आणि ठेंगण्या मुलीचा हस्तक एकसारखा दिसणार नाही. तसा अट्टहास धरला तर दोघींचाही बिघडेल.

या साऱ्यात एक धोका असतो. दिवसभर बसून ताल देणाऱ्या शिक्षिकेचे स्वतःचे पाय थंडावतात. रोजचा एक तास स्वतःच्या रियाजासाठी राखून ठेवणे हे तिचे शिष्यांप्रतीही कर्तव्य आहे. तो तास तिने मोडू नये आणि संस्थेने तिच्याकडून काढून घेऊ नये.

रचना : काय सांगायचे ते ठरवणे

रचनेची सुरुवात लहान गोष्टींपासून होते. कथकातील तिहाई घ्या. एकच बोल तीनदा म्हणून शेवटचा आघात बरोबर समेवर आणायचा, ही तिहाईची रीत. तीनतालात एका समेपासून पुढच्या समेपर्यंत मोजले, तर सोळा आणि ती पुढची सम अशा सतरा मात्रा होतात. पाच मात्रांचा बोल, एक मात्रा विराम, पुन्हा पाच, पुन्हा एक, शेवटी पाच, बेरीज सतरा. एकटी नर्तकी हे सहज करील. आता हीच तिहाई तीन मुलींना वाटून द्या. पहिला बोल एकीचा, दुसरा दुसरीचा, तिसरा तिघींचा मिळून. लगेच लक्षात येते, की मधली एकेक मात्रा आता रिकामी राहिली नाही. त्या मात्रेत प्रेक्षकाची नजर एका मुलीवरून दुसरीकडे जाते. म्हणून तेथे इतर कोणी हलता कामा नये. स्थिर उभे राहणे हेही नृत्य आहे, हे रचनाकाराला येथे उमगते.

पुढचा प्रश्न आशयाचा. रोहिणीताईंनी ऋग्वेदातील उषासूक्त, कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ अशा विषयांवर रचना केल्या. त्यांच्या अभ्यासातून आणि संस्कारांतून ते आले. आमच्या मुलींनी काय सांगावे? बौद्ध साहित्यात विषयांची वाण नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२६ साली ‘नटीर पूजा’ लिहिले. अजातशत्रूच्या राज्यात बुद्धपूजेला बंदी असताना श्रीमती ही राजनर्तकी स्तूपासमोर नाचते, एकेक अलंकार उतरवते आणि प्राण देते. त्यांची ‘चंडालिका’ १९३३ ची, पुढे १९३८ मध्ये तिचे नृत्यनाट्य झाले. तिचे मूळ ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथातील शार्दूलकर्णाच्या अवदानात आहे. तहानलेला भिक्खू आनंद विहिरीवर मातंग कन्या प्रकृतीकडे पाणी मागतो. आपण कोणत्या जातीच्या आहोत हे ती सांगते. आनंद उत्तरतो, की आपण जात विचारली नाही, पाणी मागितले.

हा एक प्रसंग रचायला घेऊन पाहू. कथकात एकच नर्तकी दोन्ही पात्रे करते. एक पलटा घेतला की प्रकृतीचा आनंद होतो. प्रकृती घागर कलती करते, आनंद ओंजळ पुढे करतो. ‘अभिनयदर्पणा’तील संयुक्त हस्तांत पुष्पपुट नावाचा हस्त आहे, तो याच ओंजळीचा, पाणी-फळे घेणे, अर्घ्य देणे अशा अर्थांनी तो वापरतात. मुद्रा सोपी आहे, पहिल्या वर्षाच्या मुलीलाही येते. अडचण निराळीच आहे. वरून धार धरायची आणि खाली ओंजळीने प्यायचे, ही खूण आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. शिवायचे नाही म्हणून वरून ओतणारा हात आणि खाली वाकलेली मान. रंगमंचावर चित्र तेच दिसले, तर प्रेक्षकाला अपमान दिसेल की करुणा?

येथे रचनाकाराची खरी परीक्षा होते. घागर किती उंच धरायची? प्रकृतीचा हात ओतण्यापूर्वी किती मात्रा थांबायचा? आनंदाची मान वाकलेली असावी, की नजर तिच्या चेहऱ्याकडे असावी? आम्हांला वाटते, की हात हळूहळू खाली यावा, घागरीचा काठ ओंजळीला टेकावा आणि विराम तेथे यावा. जात सांगून मागे सरलेले पाऊल त्यानंतर पुन्हा पुढे पडावे. कोणी याहून वेगळे रचील, आणि तेही योग्य असेल. परंतु ज्या मुलीने धार वरून धरण्याची गोष्ट आजीच्या तोंडून ऐकली आहे, तिला हा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, तीही हीच मुद्रा. तेथे वरून ओतणारा कोणी नव्हता.

आता जलशाची आठवण पुन्हा करू. जुन्या साच्यात नवा आशय घालणाऱ्या त्या शाहिरांनी जे केले, तेच शास्त्रीय नृत्य शिकलेली मुलगी करू शकते. नाच तिच्यावर लादलेला नाही; तो तिने स्वतः निवडला आहे आणि त्यातून काय सांगायचे हेही तीच ठरवणार आहे. आईच्या न विचारलेल्या प्रश्नाला आमच्यापाशी हे उत्तर आहे.

व्यवहाराचे चार शब्द

पहिला प्रश्न उरला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत अलंकारपर्यंत जातात. वसतिगृहात राहूनही त्या देता येतात. दहा ते चौदा वयोगटातील मुलांसाठी केंद्र शासनाच्या सी.सी.आर.टी. या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना नियमानुसार वाढीव गुणांची सवलत मिळते. पुढे विद्यापीठात नृत्याची पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेता येते. रंगमंचावरून पोट भरणाऱ्या नर्तकी थोड्या असतात, हे खरे. उपजीविका बहुधा अध्यापनातून होते. म्हणूनच शिकवण्याची कला आरंभापासून अंगी बाणवावी. मोठ्या मुलींनी लहान मुलींचा तत्कार आठवड्यातून एकदा तरी तपासावा. त्यात दोघींचाही लाभ आहे. आणि नृत्यापायी शालेय अभ्यास मागे पडू देऊ नये, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने सांगतो.

पालकांना आमची विनंती एवढीच, की मुलीने घुंगरू मागितले तर लगेच नकार देऊ नका आणि लगेच कौतुकही करू नका. सहा महिने तिची पावले नुसत्या जमिनीवर ऐका. ती टिकली, तर पुढची जबाबदारी विद्यालयाची आणि तुमची मिळून आहे. अशी एखादी विद्यार्थिनी उद्या शिक्षिका होऊन याच वर्गात परत यावी, आणि तिने रचलेली प्रकृतीची घागर आम्ही याच रंगमंचावर पाहावी, अशी मंगलकामना आम्ही करतो.